सोडलेली जागा

कोल्हापूर,
मंगळवार, ता. ६ डिसेंबर १९५५

तीर्थरूप अक्का,

तुझ्या मीनाक्षीचा नमस्कार. समोर असतीस तर वाकून केला असता, आणि तू "पुरे, पुरे" म्हणत पाय मागे घेतले असतेस.

इकडे सगळे बरे आहेत. यांचा खोकला गेला. पद्मजाचं मॅट्रिकचं वर्ष, पण अभ्यासापेक्षा तिचं लक्ष माझ्या टपालाकडे जास्त. दुपारी बावड्याकडून वारा आला की गुऱ्हाळाचा वास थेट माजघरात येतो. आजऱ्यात आता थंडी कडक असेल. आमच्या यज्ञेश्वरभावोजींचा दमा कसा आहे? तू पहाटे उठून गार पाण्यात हात घालत असशीलच. माझं ऐकून कधी काही केलं आहेस?

पुस्तक सप्टेंबरात रजिस्टरनं पाठवलं होतं. पोचपावतीवर तुझी सही आली, तीच, ओळीवर उभी राहिलेली. त्यानंतर तुझं पत्र नाही. कामं असतील. मी विचारत नाही.

लोक काय म्हणतात ते मात्र तुला कळवायला हवं. माझ्या 'हरणगड' कादंबरीचे पहिले तिन्ही भाग तुझ्या हातच्या प्रतीवरून छापले गेले, तेव्हा त्यांच्या वाचकांवर तुझाही हक्क आहे. दुसऱ्या भागात सगुणाबाई पहाटे गडाचं दार उघडून शत्रूला आत घेते. पाच वर्षं लोक त्या बाईला शिव्या देत आले. आता या चौथ्या पुस्तकात मी तीच पहाट तिच्या बाजूनं सांगितली. तर आठवड्याला दहा-बारा पत्रं येतात. पद्मजानं त्यांच्यासाठी बिस्किटांचे दोन डबे केले आहेत, एक रागाचा आणि एक लोभाचा. रागाचा आधी भरला.

सांगलीचे एक निवृत्त हेडमास्तर आहेत, त्र्यंबकराव. त्यांनी सहा पानं लिहिली. 'दुसऱ्या भागात त्या पहाटे धुकं होतं, इथे चांदणं पडलं आहे. लेखिकेनं एकदा काय ते ठरवावं.' त्यांचं खरं आहे, ती चूक माझीच. पुढे लिहितात, 'तीन भाग आम्ही तलवारी पाहिल्या, चौथ्यात पेज आणि काढे. फितुरीला तुम्ही सोवळं नेसवलंत.' हे वाचून पद्मजा हसली. मला हसू आलं नाही.

गेल्या रविवारी तर एक वाचक दारातच आले. हंबीरराव वस्ताद, इथल्या एका तालमीचे. पुस्तक काखेत, फेटा नीट बांधलेला. बसा म्हटलं तरी बसेनात.

"बाई, पुस्तक वाचलं. दोनदा वाचलं. पर मला एक सांगा, दार उघडलं म्हंजे उघडलं की! त्यात आनि बाजू कसली?"

मी म्हटलं, "वस्ताद, आत सासरा अंथरुणाला खिळलेला होता. पाणी संपलं होतं."

"मग मरायचं की! गडावर मानसं मरायलाच असत्यात."

चहा घेतला, बशी खाली ठेवली, निघाले. अंगणात जाऊन परत फिरले आणि आवाज उतरवून म्हणाले, "आमची आई दोन वर्सं हातरुणावर हाय. तुमी लिवलंय न्हवं, कुशीवर वळवून पाठ पुसायची, ते तसंच हाय बगा. तुमाला कुणी सांगितलं?"

त्यांनी पुस्तक दुसऱ्या काखेत घेतलं.

"म्या असतो तर दार उघडलं असतं," ते म्हणाले. "पर तालमीत सांगू नगा."

त्यांचा प्रश्न मनात राहिला आहे. मला कुणी सांगितलं? लेक असून अण्णांची पाठ मी कधी पुसली? ते आपल्या गावच्या घरात तीन वर्षं पडून होते. मी महिन्याकाठी कोल्हापुराहून यायची, खुर्चीवर बसून त्यांच्याशी बखरींबद्दल बोलायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायची. पाठ तू पुसायचीस, माहेरी राहून. मी दारातून पाहिलं होतं, एवढंच. अक्का, मी चोरून पाहिलेलं लिहिलं.

एक पत्र मी कुठल्याच डब्यात टाकलं नाही. गडहिंग्लजच्या एक बाई आहेत. त्यांनी चारच ओळी लिहिल्या: 'सगुणाबाईला मी पाच वर्षं वाईट म्हणत होते. आता मला तिची क्षमा मागायची आहे, पण ती तर पुस्तकातली. कुणाकडे मागू?' या बाईंना उत्तर लिहायला मी चारदा बसले. ते उत्तर त्यांना लिहायचं नव्हतंच, हे आज कळतं आहे.

तू विचारलं नाहीस, पण विचारलं असतंस तर मी काय सांगितलं असतं, याची तयारी मी वर्षभर केली होती. या वेळी प्रत करायला तुझ्याकडे का पाठवली नाही? 'प्रकाशकाला घाई होती' असं मी पोस्टकार्डावर कळवलं. घाई नव्हती. प्रत इथल्याच एका कारकुनाकडून करून घेतली. त्यानं शंभर चुका केल्या, त्या धुक्या-चांदण्याच्या घोळाकडेही त्याचं लक्ष गेलं नाही. तुझं गेलं असतं. पण मीच मांडलेली तुझी बाजू तुझ्याच हातानं उतरवून घ्यायची? तेवढं धाडस मला झालं नाही.

आता लिहायला घेतलंच आहे तर लिहिते.

अठ्ठेचाळीस साली गांधीजींच्या हत्येनंतर त्या आठवड्यात ब्राह्मणांची घरं पेटली, तेव्हा आपल्या दारातही जमाव आला. तू दार उघडलंस. हात जोडून म्हणालीस, "आधी म्हाताऱ्याला बाहेर काढू द्या, मग काय करायचं ते करा." शेजारचा आकाराम पुढे झाला, अण्णांना पाठीवर घेऊन त्यानं आपल्या गोठ्यात नेलं आणि उजाडल्यावर बैलगाडीनं इकडे पोचवलं. घर जळलं. अण्णांनी चाळीस वर्षं उतरवलेल्या बखरींच्या नकला जळल्या. अकरा दिवसांनी अण्णा माझ्या माजघरात वारले.

तेराव्याला माधव सगळ्यांसमोर म्हणाला, "वरच्या आळीत लोकांनी दारं लावून घेतली, त्यांची घरं राहिली. हिनं उघडलं." तू ओलं लुगडं पिळत होतीस. धाकट्या भावाला गप्प करण्याऐवजी मी काय बोलले ते तुला आठवत असेलच. "निदान अण्णांचे कागद तरी उचलायचे होतेस." तू वळून पाहिलंस. "हात दोनच होते गं," म्हणालीस आणि लुगडं वाळत घातलंस.

ते दोन हात मी सात वर्षं विसरून होते. परवा आकारामची बायको चिमणाबाई बाजाराला आली होती, काकवीची कासंडी घेऊन. पद्मजानं हौसेनं तिला दाराचं प्रकरण वाचून दाखवलं. ऐकता ऐकता ती सावरून बसली.

"आगं बया, ही तर आमची अक्का की!"

मी म्हटलं, "नाही हो, जुन्या काळची गोष्ट आहे."

"व्हय तर! जुन्या काळची! बाई, म्या तितं उभी हुतो. दारावर कुऱ्हाडीचं दोन घाव बसल्यावर उघडलंय तिनं. तिसऱ्याला मोडलंच असतं की. आन् भाइर आली तवा हातात काय हुतं ठावं हाय? एका हातात म्हाताऱ्याची औषदाची बाटली, दुसऱ्या हातात वाळलेलं धोतर. म्हनली, 'चिमणे, त्यांचं नेसलेलं भिजलं असल, हे घे, आधी बदल.' घर मागं पेटलंय, आन् हिला धोतराचं!"

पद्मजाला तेव्हा सगळं कळलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मी काकवी दुसऱ्या भांड्यात ओतून घेतली आणि कासंडी घासायला बसले.

अजून एक आहे. ते सांगितलं नाही तर हे पत्र पाठवून उपयोग नाही.

प्रत करताना शब्द लागला नाही की तू अंदाजानं कधी लिहीत नसायचीस. तेवढी जागा कोरी सोडायचीस आणि समासात बारीक फुली करायचीस. मी ती भरायची. नऊ वर्षांची आपली रीत. पन्नास साली दुसऱ्या भागाची प्रत आली तेव्हा सोबत तुझी चिठ्ठी होती: 'तीन ठिकाणी शब्द लागला नाही. जागा सोडली आहे.' दोन ठिकाणी माझं अक्षर खरंच गिचमिड होतं. तिसरी जागा दाराच्या प्रकरणात होती. 'सगुणाबाई' लिहून पुढे कोरं, आणि मग 'झाली'. मी पेन उचललं, 'फितूर' असं भरलं आणि प्रत छापखान्यात पाठवली.

गेल्या वर्षी दुसऱ्या आवृत्तीसाठी पेटीतून ती प्रत काढली आणि माझं मूळ हस्तलिखित शेजारी ठेवलं. अक्का, तिथे माझ्या हातानं 'फितूर' मोठ्या, सुट्या अक्षरात लिहिलेलं आहे. खाली दोन रेघा आहेत. लहान मुलालाही लागला असता तो शब्द.

तुला तो लागला होता. अख्खं प्रकरण तू उतरवलंस, दार, पहाट, आत पडलेला म्हातारा, सगळं. कुणावर लिहिलं आहे हे तुला पहिल्या ओळीपासून कळलं असणार. तरी एकही ओळ बदलली नाहीस. फक्त तेवढा शब्द तुझ्या हातून लिहवला नाही आणि तू मला जागा दिलीस. मी विचार करावा म्हणून दिलीस. मी निब दौतीत बुडवून वाळायच्या आत ती भरून टाकली.

त्या दिवशी मी चौथं पुस्तक लिहायला घेतलं. लोक त्याला धीट म्हणतात. एका मासिकानं 'परकायाप्रवेश' असा शब्द वापरला. त्यात धीट काही नाही. एक कोरी जागा चुकीची भरली, ती झाकायला मी तीनशे पानं लिहिली.

आता दुसऱ्या भागाची नवी आवृत्ती निघते आहे. प्रकाशक सुधारलेली प्रत मागतो आहे. दाराच्या प्रकरणाचं ते एक पान मी माझ्या वाकड्या अक्षरात उतरवलं आहे आणि या पत्रासोबत ठेवलं आहे. धुक्याचं चांदणं करून टाकलं, हेडमास्तरांच्या समाधानासाठी. बाकी शब्द न् शब्द जुनाच. फक्त 'सगुणाबाई' नंतर जागा सोडली आहे. समासात फुली केली आहे, तुझ्यासारखी बारीक जमली नाही.

तिथे काय लिहायचं ते तू लिही. जुनाच शब्द लिहिलास तरी मी तो तसाच छापीन, आणि तो कुणासाठी आहे ते मला कळेल. पान कोरंच परत आलं तर जागा कोरी छापू. वाचक विचारतील, त्यांना मी उत्तर देईन.

पत्राचं उत्तर लिहू नकोस. ते पान तेवढं पाठव.

शब्द न लागलेली,
तुझी मीना