खालची ठकठक

६ नोव्हेंबर, सोमवार

पुन्हा ठोकलं! भिंगरी स्वयंपाकघरातून पुढच्या खोलीत धावली आणि खालून ठक ठक. दोनदा. काठी हातात घेऊनच बसलेली असते की काय ही बाई? दोन वर्षांची पोर आहे, धावणारच. तिला काय खुंटीला टांगून ठेवू?

जुनी इमारत, लाकडी जमीन. मांजर चाललं तरी खाली कळत असेल. पण म्हणून दर वेळी ठोकायचं? मी चिडून बोलले, ते जरा मोठ्यानेच बोलले, आणि नुकता झोपलेला धाकटा, गोळा, उठला. मग दोघं रडली. मग मीही थोडी.

७ नोव्हेंबर, मंगळवार

आज मोठ्या माणसाशी झालेलं एकूण बोलणं: "सही कुठे करू?" पार्सलवाला होता. पार्सल समोरच्यांचं. ते दिवसभर घरात नसतात.

९ नोव्हेंबर, गुरुवार

मी रेल्वेच्या तिकीट खिडकीवर कामाला होते तेव्हा घरी आल्यावर म्हणायचे, आता माझ्याशी कुणी बोलू नका, कान किटले. पुढे या, सुट्टे द्या, हा फलाट नाही, तो फलाट. आता ते सगळं गोळ्याला ऐकवते. "पुढे या साहेब, लंगोट बदलायचाय." हसतो बिचारा. चार महिन्यांचा आहे, त्याला कशाचंही हसू येतं.

आईचा फोन. "मुलं कशी आहेत?" छान आहेत म्हटलं. "जेवतात ना?" जेवतात. "बरं, ठेवते, भाजी करपेल." नवरा आल्यावर विचारतो, गोळा प्यायला का, भिंगरी झोपली का. सगळे चौकशी करतात, माझी सोडून. मी म्हणजे जणू त्या दोघांच्या तब्येतीची चौकशी खिडकी.

१२ नोव्हेंबर, रविवार

आमची गंमत अशी, की नवरा लिफ्ट दुरुस्त करतो आणि आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. तिसरा मजला. बाहेर जायचं तर आधी गोळ्याला उचलून खाली न्यायचं, मग त्याला बाबागाडीत ठेवून भिंगरीसाठी वर यायचं – पण त्याला खाली एकटं कसं ठेवणार? म्हणून दोघांना कडेवर आणि गाडी धडधडत ओढत. एकदा केलं. पुन्हा नाही.

आज रविवार म्हणून चौघं मिळून उतरलो. जिन्यात खालच्या बाई भेटल्या. दुसरा मजला, एकट्या राहतात. कठड्याला धरून एकेक पायरी चढत होत्या, भेटायला आलेला त्यांचा मुलगा मागून पिशव्या घेऊन. मी म्हटलं, "नमस्कार, कशा आहात?" बाईंनी मान वर केली नाही. सरळ पुढे! नवरा म्हणाला, "जाऊ दे गं, दम लागला असेल." हो ना, ठोकताना बरा दम लागत नाही.

मी त्याला स्पष्ट सांगितलं – मला तळमजला हवा. दार उघडलं की रस्ता, आणि पायाखाली कुणी नको. बघतो म्हणाला.

१४ नोव्हेंबर, मंगळवार

बंदोबस्त केला. घरातली सगळी जुनी ब्लँकेटं जमिनीवर अंथरली. भिंगरीला मोज्यांवर मोजे. धावायचं नाही, उडी नाही, ठोकळे पाडायचे नाहीत. "खालची आजी रागावेल," म्हणून सांगितलं.

भिंगरी म्हणाली, "आजी खेळते."

म्हटलं, आजी खेळत नाही, आजी ओरडते. गप्प बस.

१५ नोव्हेंबर, बुधवार

एकदाही ठोकलं नाही. जिंकले.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार

घर इतकं शांत आहे की नळ ठिबकतोय ते ऐकू येतं. भिंगरी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ब्लँकेट बाजूला सारून जमिनीला कान लावून पडते. काय करतेस विचारलं तर ओठांवर बोट ठेवते. हे माझंच उचललंय तिने. दिवसभर मी तेवढंच तर करते, तोंडावर बोट.

दुपारी दोघं झोपली की मी उगाच या खोलीतून त्या खोलीत जाते. खिडकीपाशी थांबते, परत येते. खाली रस्त्यावर माणसं बोलत जातात. शब्द कळत नाहीत. तरी उभी राहते.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

तळमजला मिळाला!

नवऱ्याने कामावरूनच फोन केला. ज्या इमारतीची लिफ्ट दुरुस्त करत होता तिथेच, मागच्या बाजूला, दोन खोल्या. पुढे थोडी मोकळी जागा. रविवारी जायचं. इथली जागा घरमालकाने लगेच दुसऱ्यांना देऊनही टाकली. नवरा इतका खूश होता, "बघ, केलं की नाही?" केलंस रे बाबा. मी भिंगरीला म्हटलं, आता हवं तेवढं धाव. तिने विचारलं, "आजी?" म्हटलं, आजी इथेच राहील, सुटलो आपण.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज काय झालं ते नीट लिहायला हवं.

रविवारी सामान ओढताना आवाज होणार, म्हणून खाली सांगून यावं असं ठरवलं. खरं सांगायचं तर टोमणा मारायला चालले होते. वाक्यसुद्धा तयार होतं: "आता निवांत झोपा, तुमची कटकट चालली." गोळा कडेवर, भिंगरीचं बोट हातात. दार ठोठावलं. काही नाही. पुन्हा ठोठावलं. आत असून उघडत नाही म्हणून माझं डोकं फिरलं. बेल दाबली तर तीही वाजली नाही. पण दाराच्या वरच्या काचेतून आत दिवा लागून विझलेला दिसला. परत दाबली, परत लागला-विझला.

मग दार उघडलं. बाईंनी आधी भिंगरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि केवढ्या मोठ्याने, सपाट आवाजात म्हणाल्या, "आजारी होती का गं पोर? दहा दिवस झाले, दिवा हलला नाही."

त्यांना ऐकू येत नाही. अजिबात नाही, कित्येक वर्षं. समोरचा तोंडासमोर सावकाश बोलला तर ओठांवरून कळतं. जिन्यात मान खाली घालून चढणाऱ्या बाईला मी नमस्कार केला होता!

बाईंनी मला हात धरून आत नेलं. जेवणाच्या टेबलावर छताला टांगलेला दिवा, लांब तारेवर. भिंगरी धावली की तो हलतो. हलला की बाई उठायच्या आणि झाडूच्या दांड्याने दोनदा उत्तर द्यायच्या. मग भिंगरी टाच आपटायची, दोनदा. मला दिसायचं ते फक्त खालून ठोकल्यावर पोरगी पाय आपटतेय, हट्टी कुठली. दांड्याच्या टोकाला फडकं बांधलेलं होतं, जाडजूड. "बाळ दचकू नये म्हणून," म्हणाल्या. छतावर दिव्याच्या बाजूला गोल गोल डाग पडले होते. किती तरी.

भिंगरी सरळ झाडूपाशी गेली. तिला आधीपासून सगळं माहीत होतं.

मी त्यांच्या तोंडासमोर तोंड नेऊन सांगितलं, आम्ही रविवारी जातोय. तळमजला. दोनदा सांगावं लागलं. त्या म्हणाल्या, "छान. पोरांना बरं. मला जिना चढवत नाही, नाहीतर आले असते वर." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आणि तू? दुपारी पोरं निजली की तू बसत का नाहीस? हळूहळू हलतो तेव्हा दिवा. मला कळतं ती तू आहेस. बस गं जरा."

मला रडू आलं. तिथे खुर्चीत, गोळ्याला मांडीवर घेऊन, चांगली हमसून रडले. निदान आवाजाची लाज नव्हती. बाईंनी पाणी दिलं आणि भिंगरीला झाडू धरायला दिला.

२५ नोव्हेंबर, शनिवार

ब्लँकेटं उचलून खोक्यात भरली. मोजे काढले. भिंगरी सकाळपासून टाचा आपटतेय, खालून उत्तर येतंय. मी भांडी बांधता बांधता ऐकते. एकदा उत्तर यायला उशीर झाला तर माझाच हात थांबला.

नवऱ्याला म्हटलं, राहू या का इथेच. तो दोरी बांधत होता. "वेडी आहेस का? उद्या ती माणसं सामान घेऊन येतील. आणि तूच तर म्हणत होतीस." मीच तर म्हणत होते. त्याचं काय चुकलं? बाईंना फोन करता येणार नाही, ऐकणार कशा? येईन म्हणून सांगून आले. कशी येणार – एक कडेवर, एक हाताला, दोन मजले – ते त्यांनी विचारलं नाही.

२६ नोव्हेंबर, रविवार

सामान हललं. टेंपो सुटला तेव्हा वर पाहिलं. दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत त्या नव्हत्या. नवी माणसं वर सामान चढवत होती, दिवा हलत असणार.

२८ नोव्हेंबर, मंगळवार

दार उघडलं की रस्ता. पायाखाली कुणी नाही. गार, गुळगुळीत फरशी.

भिंगरीने स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात टाच आपटली, दोनदा. थांबली. पुन्हा आपटली. मग फरशीला कान लावून पडून राहिली. तिला सांगितलं, खाली माती आहे गं, कुणी राहत नाही. तिला ते पटलं नाही.

दुपारी दोघं झोपल्यावर मीही टाच आपटून पाहिली.