सात नंबरची नळी

३ फेब्रुवारी
आमच्या तपासणी-पट्टीला परवाना देणारं सरकारी पथक सतरा तारखेला येणार!
आज परिषदेत पाहुण्यांचं भाषण — आपल्यासारख्या देशात जैवतंत्रज्ञानाच्या कंपन्या कशाने चालतात? भांडवल, धोरण, कुशल माणसं. टाळ्या. वीज टिकायला हवी, हे कोणीच बोललं नाही. माझं अर्धं लक्ष, वीज गेली की रसायनं नासतात त्या आमच्या फ्रीजरपाशी.

५ फेब्रुवारी
आमची हिपॅटायटिस-बीची पट्टी — रक्तातून, बाळंतपणात आईकडून बाळालाही जाणारी ही कावीळ. रक्ताचा थेंब, पंधरा मिनिटं. एक रेघ — निरोगी. दोन — आजार. छोट्या दवाखान्यालाही परवडेल अशी. ती पास झाली तर कंपनी उभी, नाहीतर टाळं.
निरोगी नमुने हवेत म्हणून आम्ही वीसही जणांनी आपलंच रक्त दिलं. नळ्यांवर फक्त नंबर. कोणाचा कोणता, ती यादी रक्त घेणाऱ्या नर्सबाईंकडे बंद पाकिटात. सुई बघूनच वॉचमनकाका भिंतीला टेकले. सगळे हसलो.

७ फेब्रुवारी
एकोणीस नळ्यांना एकेक रेघ. सात नंबरला दोन!
पुन्हा केली. दोन.

८ फेब्रुवारी
दोनच. पट्टीवर टाकायचं द्रावण बदललं, पट्ट्यांचा नवा गठ्ठा फोडला, तरी दोन. तंत्रज्ञ बाईंवर उगाच खेकसले — "हातमोजे तरी बदलता का?" त्या हातमोजे काढून ठेवून बाहेर गेल्या. माझंच डोकं ठिकाणावर नाही.
घरी चिमणी दारातच. "आई, आज एक रेघ की दोन?" सहा वर्षांची पोर, बाद पट्ट्या घेऊन डॉक्टर-डॉक्टर खेळते. बाहुलीच्या पट्टीवर पेनने एकच रेघ ओढते. आमच्यापेक्षा तिचं बरं चाललंय.

१० फेब्रुवारी
भागीदाराने दार लावून घेतलं. "सात नंबर फुटली म्हणून लिही. कोण विचारतंय?"
"आणि उद्या एखाद्या धडधाकट बाईला खोट्या दोन रेघा आल्या तर?"
"अगं, आधी कंपनी तर जगू दे! वीस घरं चालतात हिच्यावर."
खरं सांगायचं तर तो गेल्यावर नोंदवहीत 'फु' लिहून झालं होतं. मग खोडलं.

११ फेब्रुवारी
सात नंबर मोठ्या प्रयोगशाळेत पाठवली. भागीदार जेवायला वेगळ्या टेबलावर.

१३ फेब्रुवारी
मधेच मनात आलं — पट्टी बरोबर असेल तर?
जेवणाच्या सुट्टीत एकेकाचा चेहरा न्याहाळत बसले. वॉचमनकाका वाळलेत. हिशेबनीस सारखा दमतो. डोळे पिवळे आहेत का त्याचे? छे, खिडकीचा उजेड. लाज वाटली मला. डबा तसाच परत आणला.

१५ फेब्रुवारी
अहवाल आला. सात नंबरला आजार आहे. पट्टी बरोबर!! भागीदार अक्षरशः नाचला. मी तंत्रज्ञ बाईंची माफी मागितली. "असू दे हो मॅडम," म्हणाल्या. मग हळूच, "पण कोण असेल हो बिचारं?"
नर्सबाई म्हणाल्या, ज्याचं त्यालाच सांगेन.

१६ फेब्रुवारी
नर्सबाईंनी मला आत बोलावलं आणि दार लावलं.
चिमणीच्या वेळी मी गरोदर असताना आमच्या दवाखान्यात ही तपासणी नव्हती.
आजही तिने दारातच विचारलं. पर्समध्ये एक कोरी पट्टी आहे. तिला अजून सांगितलेलं नाही.