विनी फोलनच्या मागून चालणाऱ्या

बॉस्टन, ता. १० मे १८८७

ती. सीलीताईस,
धाकट्या सबीनाचा सा. न.; आईबाबांना आणि गाईलाही नमस्कार पोचवणे.

अमेरिका कशी आहे विचारतेस. ऐक तर. इथे नळ फिरवला की घरातच पाणी येतं, तेही गरम. उन्हाळ्यात माणूस दारावर बर्फ विकायला येतो. मांस रोज शिजतं, आणि बटाटा मात्र माणशी एकच! तोसुद्धा अर्धा सालाबरोबर टाकून देतात. आपलं सगळं घर बटाट्यावरच जगतं, म्हणून पहिल्यांदा ते बघून मला रडू आलं होतं. शेजारच्याला भेटायचं तर आधी चिठ्ठी पाठवायची. भिंतीला भिंत लागून राहतात, पण पलीकडच्या घरात कोण आजारी आहे हे कुणाला ठाऊक नसतं.

माझ्या मालकीणबाई, विटकॉमबाई, आल्या दिवशीच म्हणाल्या की या घरात स्वयंपाकाच्या मुलीला ब्रिजेट म्हणायची पद्धत आहे. मी म्हटलं, खुशाल म्हणा, पण मला ऐकू येणार नाही. आणि मला खरंच ऐकू आलं नाही. दोन-चार दिवस त्यांचा चहा वेळेवर मिळेना, तेव्हा कुठे सबीना म्हणायला लागल्या.

शेजारच्या हॅलेटबाईंकडे आपल्या ऑनरमावशीची विनी आहे. कुंपणाशी उभ्या राहून आम्ही आपल्या आयरिश भाषेत यथेच्छ टवाळ्या करतो. तिचा खोकला काही हटत नाही. मावशीला मात्र बोलू नकोस, विनीने शपथ घातली आहे.

माया आहे तेवढी राहू दे, वाढली तर परत करणार नाही.
तुझी सबीना

कार्ना, ता. ३ जुलै १८८७

चि. सबीनास,
सीलीताईचे अनेक आशीर्वाद, आणि पाठीत एक धपाटा.

मालकिणीला उलट बोललीस हे वाचून आईने कपाळाला हात लावला. म्हणते, ही जीभ बापाकडून आलेली, मान खाली घालायला शीक म्हणावं. बाबा नुसते मिशीत हसत होते, म्हणून त्यांनाही बोलणी बसली. यंदा जळणासाठी दलदलीतलं पीट कापून झालं, वाळतं आहे, पण पावसाचा भरवसा नाही. लाल गाईला कालवड झाली. ती तुझ्यासारखीच हट्टी आहे, दोरी लावू देत नाही.

ऑनरमावशी दर रविवारी चर्चच्या दाराशी मला अडवते. विनीचं पत्र का येत नाही, म्हणते. मी सांगते, तिकडे कामातून सवड कुठली. इतक्या सफाईने खोटं बोलते की माझं मलाच नवल वाटतं. पण मावशीचे डोळे बघितलेस तर तुलाही वाटेल, तिला सगळं कळलं आहे.

जपून राहा. रागावले तरी तुझीच,
सीलीताई

बॉस्टन, ता. ९ ऑक्टोबर १८८७

ती. सीलीताईस सा. न.

हे पत्र आईला लगेच वाचून दाखवू नकोस. आधी ऑनरमावशीकडे जा. विनी गेली.

हॅलेटबाईंकडे त्याच आठवड्यात लेकीच्या साखरपुड्याचं जेवण होतं. विनीला मागच्या गल्लीतून, बेवारस मढी नेणाऱ्या धर्मादाय गाडीत घालून न्यायचं त्यांनी ठरवलं. कुणाला कळायला नको, पाहुण्यांचा विरस व्हायला नको. त्यांच्या स्वयंपाकिणीने कुंपणावरून मला सांगितलं. मी ॲप्रनसकट गेले आणि पुढच्या दाराची घंटा वाजवली. बाईंना सांगितलं, ती आमची आहे, आम्ही नेणार. त्या म्हणाल्या न्या, पण मागच्या दाराने, आवाज न करता. मी म्हटलं, या पुढच्या पायऱ्या तिने रोज सकाळी गुडघ्यांवर बसून घासल्यात, आज एकदा त्यांवरून उतरू द्या. बाई लालबुंद झाल्या, पण दारातून बाजूला झाल्या.

धोबीणकाम करणाऱ्या म्हाताऱ्या बिडने आपली खोली दिली. आपल्या रीतीप्रमाणे रात्रभर तिच्या उशाशी बसलो, चहा झाला, तंबाखू झाली. विनी लहानपणी मेंढीवर बसून ओढ्यात पडली होती, ते सांगून आम्ही हसलो, आणि मग रडलो. एक क्षणही तिला एकटीला ठेवलं नाही.

मंगळवारी तिला दफनाला न्यायचं होतं. विटकॉमबाई म्हणाल्या, इस्त्रीच्या दिवशी जी बाहेर पाऊल टाकेल तिने परत येऊ नये. मी ॲप्रन सोडून टेबलावर ठेवला. वाटलं होतं, आम्ही दोघी-तिघीच असू. पण ताई, वळणावर आले तर त्या रस्त्यावरची दारं एकामागून एक उघडत होती आणि आपल्या मुली डोक्याला शाली गुंडाळून बाहेर पडत होत्या. त्या दिवशी त्या रस्त्यावर एकही चूल पेटली नाही. बिडने मधोमध उभं राहून गळा काढला, थेट आपल्याकडच्यासारखा, विनीचं नाव, तिच्या बापाचं नाव, गावाचं नाव घेत. वरच्या मजल्यांवर पडदे सरकले. साखरपुड्याच्या पाहुण्यांनीही ऐकलं असेल. ऐकू दे.

बाकीच्यांना कामावर ठेवून घेतलं. सगळ्यांनाच काढलं तर मालकिणींना जेवायला कोण घालणार? मला तेवढं काढलं, शिफारसपत्र न देता. त्याशिवाय इथे कुणी दारात उभं करत नाही. सध्या बिडकडे कपडे धुते आहे. हात सोलवटलेत, म्हणून अक्षर असं.

चुकलं असं मला वाटत नाही. तुला वाटलं तर तसं लिही, पण माया तोडू नकोस.
सबीना

कार्ना, ता. २ नोव्हेंबर १८८७

चि. सबीना,
तुझ्या सोललेल्या हातांना ताईचे आशीर्वाद.

मावशीकडे गेले. मला दारात बघताच तिने हातातली परडी खाली ठेवली. रडली नाही. तुझं पत्र मला पुन्हा पुन्हा वाचायला लावलं. पुढे कोण होतं, खांदा कुणी दिला, बिडने विनीच्या बापाचं नाव नीट घेतलं का, सगळं विचारलं. मग म्हणाली, माझी पोर परक्या मुलखात परक्यासारखी गेली नाही. आणि तेव्हा रडली. मी तिच्याजवळच राहिले.

आता ती गावभर सांगत फिरते. पाद्रीबाबा म्हणाले की मोलकरणींनी धन्याशी नम्र असावं. त्यावर मावशी सगळ्यांसमोर म्हणाली, बाबा, माझ्या लेकीमागे चालायला तुम्ही नव्हता, त्या होत्या. त्यांच्याविषयी जपून बोला.

आईला मी भीतभीतच सांगितलं. ती उठून गाईकडे गेली. धार काढून आली आणि म्हणाली, लिही तिला, उपाशी राहिलीस तरी चालेल, पण त्या बाईच्या पाया पडायला जाऊ नकोस. मी दोनदा विचारलं, हेच लिहू ना? तर माझ्यावरच खेकसली.

तुझं चुकलं असं या घरात कुणालाच वाटत नाही.
तुझी आणि आता जरा मिरवणारी,
सीलीताई

बॉस्टन, ता. १८ डिसेंबर १८८७

ती. सीलीताईस आणि आईस सबीनाचा सा. न.

मला काम मिळालं. एका डॉक्टरांची विधवा आहे, बेमिसबाई, एकटीच राहते. शिफारसपत्र मागितलं. मी म्हटलं, नाही. का नाही, ते दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडूनच ऐका. मग सगळं सांगितलं, घंटा वाजवल्यापासून. त्यांनी विचारलं, पुन्हा तशी वेळ आली तर? मी म्हटलं, पुन्हा जाईन, आणि जायच्या आधी विचारणार नाही, नुसतं सांगेन. हे पटत असेल तर मी राहते, नसेल तर आत्ताच निघते.

बाईंनी विस्तव जरा सारखा केला. मग विचारलं, आयरिश मुलींसाठीच जातेस का? मी म्हटलं, तुमच्यामागे कुणी नसेल तर तुमच्यामागेही चालेन.

त्या उठल्या आणि म्हणाल्या, जा, तुझी पेटी घेऊन ये.

लोभाची काळजी नाही, तो आहेच. पत्र मात्र लवकर पाठवा.
तुमची सबीना