बाहेर कसा येतोय आवाज?

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आजही तालमीत माझा बेस पातळ! पाणी घातलेल्या दुधासारखा. मनगटाचं प्लास्टर निघून बरेच दिवस झाले, डॉक्टर म्हणतात हाड उत्तम जुळलंय. मग आवाज गेला कुठे? ड्रमवाला वाजवता वाजवता मान वर करून माझ्याकडे बघतो नि लगेच नजर फिरवतो. दादा गप्प म्हणजे नक्की काहीतरी शिजतंय. ग्रुप त्याचा, गिटार त्याची, गाणंही त्याचंच. मी धाकटी बहीण, मागे उभी राहून बेस गिटार वाजवणारी. पण ती मागची जागा माझी आहे. ती गेली तर मला उरेल ऑफिस आणि घरचा ओटा.

ठरवलं — पेडल घ्यायचं, पायाने दाबून आवाज बदलायची ती डबी. दोष हाताचा नाही, आवाजाचा आहे.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

वाद्यांच्या दुकानात जाऊन आले. दुकानदार चष्मा कपाळावर चढवून बोलतो, तो खाली घेतो फक्त बिल करताना. "प्रीअँप घ्या, ताई. आवाज मुळापासून बांधून देतो. हवा तिथे जाड, हवा तिथे बारीक." पुढच्याच दमात — "नाहीतर ओव्हरड्राइव्ह घ्या. जरा खरखरतो, पण गर्दीत ऐकू येतो." म्हणजे दोन्ही घ्या! माणूस मात्र बरा. दोन्ही घरी नेऊन वाजवून बघा म्हणाला.

शनिवार, ८ फेब्रुवारी

दुपारभर पेडलवर पाय. आधी प्रीअँप, मग ओव्हरड्राइव्ह लावला आणि खिडकीची काच थरथरली. काय आवाज! नवरा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, "पहिला मिक्सरसारखा. दुसरा बिघडलेल्या मिक्सरसारखा."

बिघडलेलाच हवाय मला!

डाव्या हाताची करंगळी अजून बधिर आहे. टाचणी टोचून पाहिली. हे फक्त इथे लिहितेय.

रविवार, ९ फेब्रुवारी

फजिती. ओव्हरड्राइव्ह घरी एकटीने वाजवला तेव्हा वाघ, तालमीत ड्रम सुरू झाल्यावर मांजर. खरखर तेवढी उरली, खालचा जाड आवाज गडप. एकट्याने घरी बसून पेडल निवडणं ही बेसवाल्यांची जुनीच खोड, मी काही वेगळी नाही. प्रीअँप लावल्यावर थोडं बरं. थोडंच.

निघताना दादा म्हणाला, "ठमे, पेडलने काय होतंय..." आणि वाक्य तिथेच सोडून गिटारची पिशवी बंद करत बसला. पुढे काय म्हणायचं होतं त्याला? जेवतानाही तेच डोक्यात. नवीन बेसवाला शोधलाय की काय!

गुरुवार, १३ फेब्रुवारी

एका कंपनीच्या पार्टीत कार्यक्रम. अर्धी गाणी प्रीअँपवर, अर्धी ओव्हरड्राइव्हवर. साउंडवाल्याला खुणेने विचारलं — बाहेर कसा येतोय? अंगठा वर. पेडल बदलून विचारलं. पुन्हा अंगठा वर!

नंतर गाठलंच त्याला.

"खरं सांगा, कुठला बरा?"

"दोन्ही मस्त, ताई."

"काहीतरी फरक असेल ना?"

"असेल थोडा..." वायर गुंडाळत गुंडाळत सटकला.

कुणालाच फरक कळत नसेल तर मी कशासाठी जीव काढतेय? स्टेजवर मला पाठीमागच्या छोट्या अँपमधून माझा आवाज येतो. हॉलमधल्या मोठ्या स्पीकरमधून काय जातं ते त्या गोंगाटात धड कळत नाही. पण लोक नाचत होते. बेस पोचल्याशिवाय कुणी नाचतं का! तेवढ्यावर धीर आला.

शनिवार, १५ फेब्रुवारी

प्रीअँप घेतला. ओव्हरड्राइव्ह परत. दादाला कळवलं, त्याने उत्तर म्हणून नुसता अंगठा पाठवला. या सगळ्यांचे अंगठे!

रविवार, १६ फेब्रुवारी

लिहू की नको.

लग्नाची पार्टी, हॉल भरलेला. एका गाण्यात माझाच पाय वायरमध्ये अडकला आणि वायर पेडलमधून निघाली. पाठीमागचा अँप ठार मुका. वायर उचलायला वाकले — आणि बेस चालूच! हॉलमधल्या मोठ्या स्पीकरमधून, ठोक्याला ठोका, भरदार. आधी वाटलं भास. मग कडव्याच्या शेवटी वरच्या सुरावरून खाली घसरत आणलेली ती जागा आली. ती मी करंगळीने घेते. दुसरं कुणी तशी घेत नाही. आणि मनगट मोडल्यापासून ती मला एकदाही जमलेली नाही.

लॅपटॉप! कीबोर्डचे तयार ट्रॅक ज्यातून लावतो, त्यातूनच माझा बेस. अपघाताच्या आधी स्टुडिओत वाजवलेला. मी स्टेजवर जे वाजवत होते ते बाहेर जातच नव्हतं. प्रीअँप काय नि ओव्हरड्राइव्ह काय, सगळं माझ्या एकटीच्या कानांसाठी.

गाडीत सामान भरताना दादाला धरलं.

"कधीपासून?"

"प्लास्टर काढून तू परत आलीस तेव्हापासून. अगं, हात नीट होईपर्यंतच. लोकांसमोर तुझं हसं व्हायला नको म्हणून."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर आली असतीस?"

साउंडवाला जमिनीकडे बघत उभा. त्याला विचारलं, स्टुडिओतल्या त्या रेकॉर्डिंगला पेडल कुठलं होतं?

"कुठलंच नाही, ताई. सरळ वायर."

घरी येऊन रडले. रागाने रडले. ग्रुपमधून काढलं असतं तरी इतकं लागलं नसतं. काढलेल्या माणसाला निदान काढलंय हे माहीत असतं.

सोमवार, १७ फेब्रुवारी

दादाचे फोन. उचलले नाहीत.

बुधवार, १९ फेब्रुवारी

ऑफिसातून लवकर आले. ड्रमचा ट्रॅक लावला, पेडल बाजूला ठेवलं आणि तेच गाणं वाजवून मोबाइलवर रेकॉर्ड केलं. ऐकलं. मी मागे पडतेय. फार नाही, किंचित. पण प्रत्येक ठोक्याला. करंगळी तारेवर पोचते तोवर सूर पुढे निघून गेलेला. वाजवताना हे अजिबात कळत नाही!

मग स्टुडिओतलं माझं जुनं रेकॉर्डिंग लावलं. काय वाजवायची ही बाई! हेवा वाटला मला तिचा.

नवरा दारात येऊन उभा होता. "मला तर दोन्ही सारखेच वाटतात," म्हणाला. मिक्सर आणि बिघडलेला मिक्सर ओळखणारा माणूस! खोटं बोलतोय हे दोघांनाही माहीत होतं. त्याला आत बोलावलं नाही, जा असंही म्हटलं नाही.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

दादा घरी आला. पायातले बूटही न काढता म्हणाला, "चुकलं माझं, ठमे. रविवारी तुझाच आवाज बाहेर सोडतो. येईल तसा येऊ दे."

मी म्हणाले, "नको." आग्रह करेल म्हणून म्हणाले.

"बरं," म्हणाला. लगेच!