बॅटरीचं पाणी मी डाळीत ओतलं

तेल्हारा, मंगळवार, १२ एप्रिल १९६०

बोलत कावून नाहीत हे? ओरडले असते तर मीबी ओरडली असती अन् मोकळी झाली असती. काल यायनं धाब्यावरचं उन्हाचं खोकं मोडलं, काच काढून भिंतीले टेकवली. दोन महिने खपले होते त्याच्यापायी. पत्र्याच्या पेटीत विहिरीचं खारं पाणी, वर तिरपी काच. उन्हानं काचेले घाम येते अन् थेंब थेंब गोडं पाणी बाटलीत पडते. दिव्याच्या बॅटरीत तेच घालावं लागते. आठ दिवसांत एक बाटली.

तीच बाटली मी डाळीत ओतली. अकोल्याहून भाऊ आला होता अन् खाऱ्या पाण्यात डाळ शिजता शिजेना. मग बाटली विहिरीच्या पाण्यानं भरून ठेवली. दिसायले सारखंच ना! यायनं ते बॅटरीत घातलं. चार दिवसांत बॅटरी मेली, अन् खोक्यातूनच खारं पाणी येते असं साऱ्यायले वाटलं.

शेजारचे वामनराव हसले, "मास्तर, सूर्यबी आपल्याच विहिरीचं पाणी पेते वाटते!"

हे म्हणाले, "माहंच चुकलं. मले हे जमत नाही."

अन् मी कणीक मळत राहिली. डाळ मऊ झाली होती. भावानं दोनदा मागून घेतली.

शनिवारी काच विकणार म्हणतात. मंग बाई, त्याच्या आधी सांगतेस का नाही? डाळ मऊ झाली होती, हेबी सांगशील? हो का नाही, शुक्रवारी संध्याकाळी इथंच, या वहीत, लिहून ठेवलं पायजे.