पुठ्ठ्याआडचे दिवे

१० डिसेंबर

काच गेली! पहाटे दगड आला, तोही चिठ्ठी गुंडाळलेला. ज्यूंनी इथून चालतं व्हावं म्हणे. चिठ्ठी जाळली, दगड शिवणयंत्राच्या खणात लपवला, खिडकीला पुठ्ठा ठोकला. बाबांना दिसत नाही याचं पहिल्यांदाच बरं वाटलं. ‘‘कसला आवाज गं?’’ — कुंडी पडली, म्हटलं.

११ डिसेंबर

हनुकाचा, आमच्या आठ दिवसांच्या दिव्यांच्या सणाचा, पहिला दिवा; रोज एक वाढवायचा. तो खिडकीतच लावायचा, रस्त्यावरून दिसेल असा. मी टेबलावर लावला. बाबांनी विचारलंच, ‘‘खिडकीत ठेवलास ना?’’

‘‘हो.’’ जीभ काही झडली नाही.

१३ डिसेंबर

तीन दिवे. ते जळतात तोवर काम करायचं नाही. त्यांच्या उजेडात सुईसुद्धा ओवायची नाही. दर्जिणीचे हात रिकामे, म्हणजे डोकं मोकाट!

हनुकाच्या जुन्या गोष्टीत मंदिरातल्या दिव्याचं तेल एका दिवसापुरतं होतं आणि आठ दिवस पुरलं. मला मात्र दुसऱ्या सकाळी दार ढकलून आत डोकावणारा माणूस आठवतो. विझला असेल, असंच धरून आला असणार बिचारा. तरी आला. मला तर आपल्याच खिडकीशी जायची भीती वाटते.

१४ डिसेंबर

भावाचा फोन. ‘‘ताई, उगाच शहाणपणा नको. जिवाला धोका असेल तर टेबलावर चालतो, नियमच आहे तसा.’’ आहे खरा. पण खोटं बोललेलं चालतं, असा नियम कुठे आहे?

१५ डिसेंबर

बाबांनी पुन्हा विचारलं. पुन्हा ‘‘हो’’.

१७ डिसेंबर

एकदाचा काचवाला उगवला. काम चोख, तोंडाला मात्र कुलूप नाही. बाबांसमोरच म्हणाला, ‘‘आठवडाभर पुठ्ठ्यावर काढलात, बाई! दगड केवढा होता?’’

मेले मी. संध्याकाळी सातवा दिवा लावला, तेव्हा आज पहिल्यांदाच बाबांनी विचारलं नाही.

१८ डिसेंबर

मीच रडत माफी मागितली. बाबा म्हणाले, ‘‘आंधळा झालोय, बहिरा नाही. काच फुटल्याचा आवाज कळतो मला.’’

‘‘मग रोज विचारत का होता?’’

‘‘तू कधी ‘नाही’ म्हणतेस, याची वाट बघत होतो. एकटीच घाबरत बसली होतीस, वेडे. आता दोघं मिळून घाबरू.’’

आणि स्वतःच खुर्ची ओढत खिडकीशी जाऊन बसले.

आठही दिवे काचेपाशी ठेवले. खाली रस्त्यावर जाऊन पाहिलं. पार कोपऱ्यापासून दिसतात — दिवेही, बाबाही.