वाडीत टाकलेली खडी

प्रिय डॅडी,

तुमचा आशीर्वाद मागून लिहिते. मी बरी आहे. इथे कॅनडात सुट्टीला नदीकाठच्या बागेतून, बारीक खडीच्या वाटेने सायकल चालवते. वाट जेमतेम आपल्या बांधाएवढी रुंद. मम्मीचे गुडघे कसे आहेत?

ज्युडदादाने आपल्या गिरीज गावच्या वाडीचा फोटो पाठवला. केळी तोडून खडी टाकलीय. विचारलं तर म्हणाला, “सायकलवाल्यांसाठी वाट करतोय. डॅडींनी सही दिलीय.” पण खडी दोन ट्रक शेजारून जातील एवढी रुंद पसरलीय, आणि तिच्यावर ट्रकच्या चाकांचे ठसे आहेत.

तुम्ही खरंच सही केलीत? तुमचा चष्मा मोडलेला असताना कागद वाचून कुणी दाखवला?

तुमचा फोन हल्ली दादाच उचलतो, म्हणून हे पत्र शेजारच्या विनीच्या पत्त्यावर टाकलं. तिच्याकडूनच वाचून घ्या.

मी वीस तारखेला घरी येतेय. दादाला सांगितलेलं नाही.

तुमचीच,
जीना